कूलंट जातं कुठे?

कसारा घाट उतरून दादरच्या फुलबाजारात माल आणणाऱ्या बायका प्रभादेवीला आमच्याकडे टेकतात, तेव्हा हा प्रश्न निघतो: गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतं.

कूलंट बंद नळ्यांतून फिरतं. डिझेलसारखं ते जळत नाही. सारखं घालावं लागत असेल तर ते कुठून तरी निघतंय. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी कुठे आहे ते बघा आणि गटाच्या वहीत लिहा. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आधी स्वस्तातलं तपासा: झाकणाचं रबर, नळ्यांचे जोड, पाण्याचा पंप. बारीक गळती तापलेल्या इंजिनावरच सुकते, म्हणून जमीन कोरडी. पण मागे डाग राहतो. हीटर असेल तर पायाखालची चटईही चाचपा. सापडलं नाही तर मेकॅनिकला हवेचा दाब देऊन बघायला सांगा.

इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि ऑइल ताकासारखं? मग बहुधा हेड गॅस्केट गेलं. तशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका. इंजिन बसलं तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

विहिरीचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतात. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं पण विषारी असतं. मुलं, कुत्री चाटतात.