न्हावऱ्याच्या काट्यावर अडलेला प्रोग्राम

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. तिथल्या एका खासगी वजनकाट्यावरचा प्रोग्राम एके सकाळी उघडेनासा झाला. तो दौंडच्या माझ्या मित्राने लिहिलेला. पावतीवर रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळही यावी, एवढीच भर घालून त्याने नवी आवृत्ती पाठवली होती, आणि दौंडला ती बिनतक्रार चालत होती.

मी आधी जुनी फाइल जागेवर ठेवली. पावत्या निघू लागल्या, गाड्या हलल्या, मगच निदानाला बसलो. हा क्रम मोडू नये. रांगेतल्या चालकाला आपल्या शोधाशी काही देणंघेणं नसतं.

काटेवाल्याचा संशय इंडिकेटरच्या केबलवर होता. ‘दादा, उंदरांनी कुरतडली असंल,’ तो म्हणाला. आयकॉनवर क्लिक केल्यावर काहीच घडत नव्हतं, त्यामुळे त्याचा तर्क रास्त होता. पण टर्मिनलमधून प्रोग्राम चालवला तेव्हा कारण समोर आलं: ‘जीलिबसी २.३४’ सापडत नाही. जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. म्हणजे केबलपर्यंत पोचायच्या आत, प्रोग्रामची पहिली ओळही चालायच्या आत, लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या डायनॅमिक लिंकरने त्याला दारातच थांबवलं होतं.

जुनी आणि नवी फाइल ‘ऑब्जडंप’ने उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. जुनीला जीलिबसीच्या २.२.५, २.४ आणि २.१४ या आवृत्त्यांची फंक्शन्स पुरत होती. शिवाय थ्रेडसाठी ‘लिबपीथ्रेड’ ही वेगळी लायब्ररी लागत होती. नव्या फाइलच्या यादीतून लिबपीथ्रेड गायबच होती, आणि दोन फंक्शन्सपुढे २.३४ चा शिक्का होता: एक थ्रेड तयार करणारं, दुसरं ‘मेन’ सुरू करून देणारं.

मित्राला फोन लावला.

‘अरे, थ्रेडच्या कोडला मी हातसुद्धा लावला नाही.’

‘कोडला नाही लावलास. लॅपटॉप बदललास का?’

‘हो, दिवाळीत घेतला. उबुंटू २२.०४ आहे.’

काट्यावरच्या संगणकात २०.०४ होतं. गाठ सुटली.

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ ने लिबपीथ्रेडमधला ऐवज मुख्य लायब्ररीत सामावून घेतला. प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही त्याच वेळी नवा शिक्का मिळाला. बिल्ड करताना लिंकर त्या मशीनवरच्या लायब्ररीतली प्रत्येक फंक्शनची चालू आवृत्ती उचलतो आणि तिचा शिक्का फाइलमध्ये नोंदवतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. त्यामुळे दोन ओळींचा प्रोग्राम जरी नव्या मशीनवर बांधला, तरी तो जुन्यावर उठत नाही. जुना प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालावा, याची काळजी जीलिबसीवाले मनापासून घेतात. उलट दिशेची हमी त्यांनी कधी दिलेली नाही.

‘मग माझ्याकडची जीलिबसीची फाइलच पाठवतो, तिथे टाक,’ मित्र म्हणाला. हा मोह फार घातक आहे. ही लायब्ररी आणि डायनॅमिक लिंकर एकाच आवृत्तीचे असावे लागतात. नुसती लायब्ररी बदलली की फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा चालत नाही, आणि मग पूर्ण संगणकच अडतो. ऐन हंगामात काट्यावरची प्रणाली अपग्रेड करणंही मला पटलं नाही. मित्राने दौंडला बसूनच लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ चा कंटेनर उतरवला आणि तोच कोड, एक अक्षर न बदलता, त्यात बिल्ड करून पाठवला. यादीत लिबपीथ्रेड परत आली, २.३४ गेलं, आणि पुढच्या ट्रॉलीची पावती रिकाम्या वजनाच्या वेळेसह छापून निघाली.

दूध संकलन केंद्रं, काटे, गोदामं यांच्यासाठी आपल्या भागात अनेक तरुण प्रोग्राम लिहितात. त्यांना एकच सांगणं आहे: नवी आवृत्ती पाठवण्याआधी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ‘एलडीडी’ या आज्ञेची आवृत्ती विचारा. तिथे दिसणारा आकडा जीलिबसीचाच असतो. ज्या गिऱ्हाइकाचा आकडा सर्वांत लहान, त्याच्या प्रणालीवर बिल्ड करा.