वार्धक्य आणि शुश्रूषा

मुक्ताईनगराजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे. चौदाशें वर्षें जगलेल्या चांगदेवांनीं अखेर लहानग्या मुक्ताबाईंचें शिष्यत्व पत्करलें, अशी परंपरागत कथा आहे. वर्षांचा हिशेब बाजूस ठेवला तरी दीर्घ आयुष्य लाभणें आणि तें सार्थ होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढा बोध तींतून मिळतो.

कोथळी-मुक्ताईनगर येथून दरवर्षीं आषाढीसाठीं मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते. सुमारें महिनाभराच्या ह्या वाटचालींत पिकल्या केसांचे वारकरीही चालतात. नियमित चालणें, ठरलेला दिनक्रम, सोबत आणि मनापुढें कांहीं हेतु, ह्या गोष्टी घरीं राहणाऱ्या वृद्धासही हव्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें पासष्टीनंतरही शक्तीप्रमाणें आठवड्यास निदान १५० मिनिटें बेताचा व्यायाम करावा. शिवाय दोन दिवस स्नायूंस बळ देणाऱ्या हालचाली आणि तीन दिवस तोल सांवरण्याचा अभ्यास असावा. अंथरुणास खिळून राहिल्यानें स्नायू झपाट्यानें क्षीण होतात. मग न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें कीं, स्वावलंबन बहुधा संपतें. खानदेशांत उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांवर जातो. म्हातारपणीं तहानेची जाणीव मंदावते. डॉक्टरांची मनाई नसेल तर तहान नसतांही वरचेवर पाणी देत जावें.

परंतु हें पाणी देणार कोण? बहुधा घरांतील एकच स्त्री. तिची झोप मोडते, कंबर धरते, स्वतःचें औषध राहून जातें. आणि एखादे वेळीं शब्द तुटक गेला, तर ती मनांतल्या मनांत झुरते. २००७ च्या कायद्यानें वृद्धांच्या निर्वाहाचें दायित्व मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडें ह्यांवर ठेविलें. त्यांत सुनेचें नांव नाहीं. प्रत्यक्ष भार मात्र अनेक घरीं तीच वाहते.

दिंडींत स्वयंपाक, पाणी, सामान हीं कामें वांटून घेतात. घरींही औषधें, दवाखान्याची फेरी, रात्रीची जाग ह्यांच्या पाळ्या कागदावर लिहून ठराव्या. आठवड्यांतून एक दुपार तिला पूर्ण मोकळी मिळावी. मुंबई-पुण्याच्या भावंडांनीं पैसे पाठविणें हें साह्य खरें. परंतु चार दिवस येऊन उशाशीं बसणें त्याहून मोलाचें.

वृद्धानेंही भाजी निवडावी, नातवंडांचे पाढे घ्यावे, झेपेल तें स्वतः करावें. आणि शुश्रूषा करणारीस दिवसांतून एकदां तरी विचारावें, ‘तूं जेवलीस का?’ वयाचा मान बाजूस ठेवून लहानांकडे पाहण्याची दृष्टि चांगदेवांस उशिरां लाभली. ती आपल्या घरीं लवकर यावी.