नाळ कापायची घाई नको!
बाळंतपणातली पहिली तीन मिनिटं आणि गावाची जबाबदारी

शेतकरी बांधवांनो, गाय व्याली तर वासराची नाळ आपण सहसा कापत नाही. वासरू खाली पडताना किंवा गाय उठताना ती आपोआप तुटते. आपण टोकाला आयोडीन लावतो, एवढंच. माणसाच्या लेकराचं तसं नाही. त्याची नाळ कुणीतरी चिमटा लावून कापावी लागते. म्हणजेच ती केव्हा कापायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

हे ठरवतं कोण? बाळंतिणीला कुणी विचारत नाही, बाहेर बाकावर बसलेल्या बापाला तर पत्ताच नसतो. चिमटा दहाव्या सेकंदाला लागला की तिसऱ्या मिनिटाला, हे कुणी घरी येऊन सांगत नाही. पण त्या दोन-तीन मिनिटांत लेकराच्या सहा महिन्यांच्या रक्ताचा हिशेब होऊन जातो. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

वारेतलं रक्त कुणाचं?

पोटात असताना बाळाचं रक्त नाळेवाटे वारेत जातं आणि परत येतं. जन्माच्या क्षणी बाळाच्या वाट्याचं बरंचसं रक्त, साधारण एक तृतीयांश, वारेतच असतं. ते रक्त आईचं नसतं, बाळाचंच असतं. बाळ बाहेर आलं, रडलं, फुफ्फुसं उघडली की त्या फुफ्फुसांना रक्त लागतं. ते नाळेवाटे येत राहतं. नाळेला बोट लावून पाहिलं तर ठोके लागतात.

पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर, तिसऱ्या मिनिटापर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येतं. तुम्ही म्हणाल, शंभर मिलिलिटर म्हणजे चहाचा एक कप. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त किती? किलोमागे ८० मिलिलिटर धरलं तर पाव लिटरच्या आसपास. त्यात हा कप केवढा मोठा, ते तुम्हीच पाहा. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचायच्या आधी आपण बारं मोडत नाही. इथंही तेच.

आपल्या भागाला याचं मोल जास्त

रक्तासोबत बाळाला लोह मिळतं. आईच्या दुधासारखं दुसरं अन्न नाही, पण त्यात लोह थोडंच असतं. त्यामुळे पहिले सहा महिने बाळ जन्मावेळच्या साठ्यावर काढतं. साठा कमी पडला तर लेकरू पांढरं पडतं. मेंदूची वाढ याच काळात वेगाने होत असते आणि तिलाही लोह लागतं.

आता आपल्या राज्याचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. गरोदर बायांमध्ये हे प्रमाण ४५.७ टक्के. आईचंच रक्त कमी असेल तर लेकराच्या हक्काचा कपभर रक्ताचा वाटा वारेबरोबर पुरून टाकणं आपल्याला परवडेल का?

काठमांडूच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात ५४० बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींची नाळ मिनिटाच्या आत कापली, काहींची तीन मिनिटं थांबून. आठ महिन्यांनी पाहिलं तर लवकर कापलेल्यांत ८२ टक्के बाळांचं रक्त कमी होतं, थांबून कापलेल्यांत ७३ टक्के. लोहाची कमतरता ३८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आली. खर्च एक पैशाचा नाही. थांबल्याने सगळा प्रश्न सुटतो असं नाही, हेही याच आकड्यांत दिसतं. म्हणून आईने गरोदरपणात लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत आणि बाळाला सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध व वरचं अन्न दिलंच पाहिजे.

सुईणीचं बरोबर काय, चूक काय

जुन्या सुईणी पुष्कळ ठिकाणी वार पडल्याशिवाय नाळ कापत नसत. त्यांचं थांबणं चुकीचं नव्हतं. चूक होती ती दुसरीकडे. तोवर ओलं लेकरू जमिनीवर उघडं पडायचं आणि गारठायचं. मग विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापायची आणि वर शेण, राख नाही तर हळद लावायची. त्यातून धनुर्वाताने किती लेकरं गेली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात गेली. स्वच्छता आली आणि धनुर्वात हटला. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून दूर झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. पण त्यासोबत बाळ आलं की लगेच चिमटा लावायची सवयही पसरली होती. लवकर कापलं तर आईचा रक्तस्राव कमी होतो, असा समज होता. तपासल्यावर तो खरा ठरला नाही. रक्तस्राव रोखतं ते बाळ जन्मताच आईला द्यायचं इंजेक्शन. ते वेळेवर द्यायचंच, त्यासाठी नाळ कापायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सांगितलं की एका मिनिटाच्या आत नाळ कापू नये. आपल्या सरकारच्या २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही किमान तीन मिनिटं किंवा नाळेचे ठोके थांबेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तेव्हा आपण काही नवीन मागत नाही, नियमातलंच मागतो.

केव्हा थांबू नये

बाळ पुसून, अंग चोळूनही रडत नसेल, श्वास घेत नसेल, तर त्याला लगेच पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. तिथं नाळ ताबडतोब कापावी लागू शकते. आईला जोराचा रक्तस्राव होत असेल तरी तसंच. अशा वेळी डॉक्टर-सिस्टर सांगतील तेच ऐकायचं, घड्याळ दाखवून वाद घालायचा नाही. कमी दिवसांच्या बाळालाही, ते श्वास घेत असेल तर, थांबण्याचा फायदा आहे. २०२३ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा बाळांचे मृत्यू थांबल्याने कमी झालेले दिसले.

थांबल्याने काही बाळांना कावीळ थोडी जास्त होऊन दिव्याखाली ठेवावं लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात बाळ पिवळं दिसलं तर घरी उन्हात धरून बसू नका, दवाखान्यात दाखवा.

गावाने काय करावं

केनवड असो की रिसोड तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, बाळंतपणाची तयारी आठव्या महिन्यातच होते. गाडी, कागद, कपडे या यादीत एक ओळ वाढवा. तपासणीला गेल्यावर सिस्टरला सरळ विचारा, “ताई, बाळ रडलं तर नाळ तीन मिनिटं थांबून कापाल ना?” सिझेरियन होणार असेल तर डॉक्टरांनाही विचारा, तिथंही थांबता येतं. त्या वेळात बाळ पुसून, झाकून आईच्या अंगावर ठेवता येतं. पाजायलाही घेता येतं.

वाटेत, गाडीतच बाळंतपण झालं तर घाबरून ब्लेड शोधू नका. नाळ ओढू नका, कापू नका. बाळ पुसा, कोरड्या कपड्यात आईच्या छातीशी ठेवा, दोघांना झाका आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय एकदा घ्या. आशाताई आणि सिस्टरना बोलवा. आपल्या आरोग्य केंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीत भिंतीवर चालू घड्याळ आहे का, रात्री सिस्टर एकटीच असते का, हे विचारा. एकटी बाई आई आणि बाळ दोघांना सांभाळत असेल तर घाई तिच्या स्वभावामुळे नाही, माणसं कमी असल्यामुळे होते. मग मागणी माणसांचीच करायला हवी आणि तसा ठराव करून वर पाठवणं तुमच्या हातात आहे.