युद्धाची बाधा

भुताखेतांच्या गोष्टींना मालवण किनाऱ्यावर कधी तोटा पडला नाही. येथे गावाला राखणदार असतो, पाणंदीला देवचार असतो आणि तिन्हीसांजेला कोणत्या वाटेने जाऊ नये हे पोरासोरांनाही ठाऊक असते. अशा मुलखातील प्रेक्षकाला युद्धावरील भयपटातल्या भुतांचे फारसे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. त्याला विचारात पाडते ती वेगळीच गोष्ट. २००४ साली दक्षिण कोरियात निघालेल्या ‘आर-पॉइंट’ ह्या चित्रपटात व्हिएतनाम युद्धातील एक तुकडी बेपत्ता जवानांच्या शोधासाठी निघते. शत्रू क्वचितच समोर येतो. पण एकेका सैनिकाचे भान सुटत जाते आणि अखेर ते एकमेकांवरच शस्त्रे रोखतात. भूत बाहेर आहे की मनात, ह्याचा उलगडा अशा चित्रपटांत बहुधा होत नाही. रणभूमीवर भान हरपलेल्या माणसालाही तो झालेला नसतो.

ह्या चित्रप्रकाराचे मूळ पहिल्या महायुद्धापर्यंत जाते. आबेल गान्स ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘जाक्यूज’ ह्या मूकपटाचे चित्रण १९१८ साली, तोफा अजून धडधडत असतानाच केले. १९१९ साली तो पडद्यावर आला. त्यात युद्धाने बुद्धिभ्रंश झालेला एक कवी-सैनिक गावी परततो आणि गावकऱ्यांना सांगतो की, रणांगणातले मृत उठले आहेत व आपले मरण सार्थकी लागले की नाही हे पाहावयास ते गावाकडे निघाले आहेत. मृतांच्या त्या भूमिका रजेवर आलेल्या खऱ्या सैनिकांनी केल्या होत्या. त्यांतील कित्येक पुन्हा आघाडीवर जाऊन मारले गेले, असे गान्स पुढे सांगत असे. वेड्याच्या तोंडून आलेला तो प्रश्न गावातील शहाण्यांना पेलवत नाही, हेच त्या चित्रपटातील खरे भय होय.

तो प्रश्न कोकणालाही लागू आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला; त्यापूर्वीचा रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान ह्या भागांतून मराठा पलटणींत पिढ्यान् पिढ्या भरती होत आली. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आले, घोडे कापण्याची वेळ आली. धर्म बुडेल म्हणून पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली आणि वाळवंटातील पायपिटीत व कैदेत त्यांतील हजारो मेली.

त्याच वेढ्याच्या वर्षी, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टराने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात रूढ केला. तरीही भेदरलेल्या सैनिकावर भित्रेपणाचा शिक्का बसतच राहिला. त्या युद्धात पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातल्या गेलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांना ब्रिटनने क्षमा केली, ती २००६ साली. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट पाहून गोऱ्या शिपायांची डोकी फिरत; त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप, हा वाक्प्रचार पडला आणि दुखण्याचा विनोद झाला. कोकणात हाच विनोद रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या नावाने होतो. १८८६ पासून रुग्णांची सेवा करीत आलेल्या संस्थेचे नाव लोकांच्या तोंडी टोमणा होऊन बसले आहे.

रात्री ओरडत उठणारा, फटाक्याच्या आवाजाने खाटेखाली शिरणारा, माणसांत बसेनासा झालेला निवृत्त सैनिक घरात असला की खेड्यातील घर त्याला ‘बाधा’ म्हणते. घाडी येतो, गाऱ्हाणे घातले जाते. ह्या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक माणुसकी होती, ती नाकारता येत नाही. बाधा बाहेरून येते. बाधित माणूस दोषी नसतो. लष्करी न्यायासनाने जे समजून घेतले नाही ते गावाला आपल्या परीने समजले होते. मात्र त्या समजुतीचा तोटाही तेवढाच मोठा आहे. रोगाला उपचार असतो, बाधेला उतारा असतो. उतारा लागू पडला नाही की घर दार लावून घेते आणि माणूस आत कुजत राहतो.

दार लावून घेण्याचा दोष एकट्या खेड्याचा नाही. मनाने खचलेल्या अमेरिकन सैनिकांवरील उपचारांचा अनुबोधपट जॉन ह्यूस्टनने १९४६ साली पुरा केला. तो सैन्याने १९८० पर्यंत जनतेपुढे येऊ दिला नाही. त्याच १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या ह्या विकाराला आपल्या यादीत अधिकृत स्थान दिले. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरविला आहे. ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला.

सोय झाली, संकोच मात्र जावयाचा आहे, आणि तो कायद्याने जात नाही. हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या पेन्शनरचा थरथरता हात कारकुनाला प्रथम दिसतो. बाप रात्रभर झोपत नाही, हे वर्गात पेंगणाऱ्या मुलावरून शिक्षकाला प्रथम कळते. ‘रत्नागिरी’चा टोमणा मारण्याऐवजी ह्या दोघांनी घरच्यांपाशी चार शब्द बोलले तर पुष्कळ काही साधेल.

कोकणातील गाऱ्हाणे कानात पुटपुटत नाहीत. ते चारचौघांसमक्ष मोठ्याने घालतात आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून त्याची जबाबदारी उचलतात. गान्सच्या चित्रपटातील मृत गावाला एक प्रश्न विचारावयास निघाले होते. कोकणातल्या गावागावांत तोच प्रश्न घेऊन जिवंत माणसे परतली आहेत. त्यांचे गाऱ्हाणे ऐकून ‘होय महाराजा’ म्हणावयाचे, तर आधी त्यांच्या घराचे दार उघडावे लागेल.