अपराधी वाटलं म्हणजे अपराध घडला असं नव्हे

घरातलं माणूस अचानक गेलं की तेराव्यापर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आदल्या रात्रीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.' बाबा म्हणाले, छातीत जळजळतंय. मुलाने ॲसिडिटीची गोळी दिली. पहाटे सगळं संपलं. ती गोळी पुढे वर्षानुवर्षं त्या मुलाचं मन खात राहते.

मन इतकं खातंय म्हणजे चूक आपलीच, हा सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली काही लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला नाही; बाकीच्यांना वेगवेगळे शेवट सांगितले, त्यातले काही चक्क खोटे. ज्याला जो शेवट कळला, त्याला तोच आधीपासून जास्त संभाव्य वाटला. निकाल कळल्यावर तो कळण्याआधीची मनःस्थिती पुन्हा उभी करता येत नाही. त्या रात्री मुलासमोर फक्त जळजळ होती, हृदयविकाराचा झटका नव्हता. आज त्याला तो दिसतो, कारण सकाळ काय घेऊन आली हे त्याला ठाऊक आहे. शिवाय ही बोचणी जिथे जीव गुंतलेला असतो तिथेच जास्त लागते.

मग ही भावना निव्वळ कमकुवत मनाचं लक्षण का? तेही नाही. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोचान्स्का यांनी लहान मुलांच्या हाती मुद्दाम मोडेल असं खेळणं दिलं. ते मोडल्यावर जी मुलं कावरीबावरी झाली, त्यांचं पुढचं वागणं एकंदरीत कमी त्रासदायक होतं. (प्रयोगानंतर मुलांना 'तुझी काही चूक नव्हती' असं सांगून अख्खं खेळणं दाखवत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.)

स्वतःला जितकं कोसावं तितकं माणूस सुधारतं, हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या अभ्यासात 'मी वाईट वागलो' असं वाटणारे माफी मागायला, भरपाई करायला पुढे होतात. 'मी वाईटच आहे' असं वाटणारे तोंड लपवतात किंवा दुसऱ्यावर चिडतात.

आणि कारण नसताना किंवा कारणाच्या मानाने फारच जास्त अपराधी वाटणं, हे नैराश्याचंही लक्षण असतं. सोबत झोप, भूक उडाली, कशातच मन लागेनासं झालं आणि असे दोन आठवडे गेले, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.