विश्लेषण : हाक सशाची, हजर अस्वल! शिकाऱ्याच्या नकली आवाजाला भलतेच प्राणी का येतात?

अमेरिका आणि कॅनडात शिकारीचा हंगाम सुरू झाला की जंगलात नकली आवाज घुमू लागतात. कोणी जखमी सशासारखे किंचाळते, कोणी टर्की पक्ष्याच्या मादीसारखी साद देते, तर कोणी एल्क या मोठ्या हरणाच्या नरासारखी लांबलचक शीळ घालते. जनावराच्या मागे धावण्याऐवजी त्यालाच जवळ बोलवायचे, हा यामागचा हेतू. पण अनेकदा बोलावलेला प्राणी येत नाही आणि न बोलावलेला पाठीमागे येऊन उभा राहतो. कोयोटची वाट पाहणाऱ्यासमोर प्यूमा येतो, टर्कीची वाट पाहणाऱ्यावर बॉबकॅट झेप घेते, एल्कच्या जागी ग्रिझली अस्वल उगवते. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. असे का होते, ते समजून घेऊ.

हे आवाज काढतात कसे?

सर्वात जुने साधन म्हणजे माणसाचा घसा. त्यानंतर आल्या तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या, लाकडी डबीवर झाकण घासून आवाज काढणारे ‘बॉक्स कॉल’ आणि टाळूला चिकटवायची पातळ पडदी. कॅनडात मूस या महाकाय हरणाला बोलावण्यासाठी भूर्ज झाडाच्या सालीचा कर्णा वापरण्याची जुनी परंपरा आहे. आता रिमोटवर चालणारे स्पीकरही मिळतात. त्यात डझनावारी प्राण्यांचे ध्वनिमुद्रित आवाज असतात. मात्र स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत अशा इलेक्ट्रॉनिक आवाजांना अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी, काही अपवाद वगळता, बंदी आहे.

भलताच प्राणी का येतो?

फोन लावला की तो एकाच नंबरवर वाजतो. जंगलातल्या हाकेचे तसे नसते. आवाज चारही दिशांना जातो आणि ज्याला कान आहेत तो प्रत्येक जण आपल्यापुरता अर्थ काढतो. सशाची किंकाळी म्हणजे कोयोटला आयती मेजवानी. पण तीच मेजवानी बॉबकॅट, प्यूमा, घुबड आणि अस्वलालाही हवी असते. घुबडाच्या पंखांची रचना अशी असते की उडताना जवळजवळ आवाज होत नाही. त्यामुळे ते टोपीवर झडप घालेपर्यंत शिकाऱ्याला पत्ताच लागत नाही.

टर्कीच्या हंगामातही हेच घडते. शिकारी मादीचा आवाज काढतो तो नराला भुलवण्यासाठी. पण बॉबकॅटच्या दृष्टीने तो झुडपामागे बसलेल्या एका बेसावध पक्ष्याचा आवाज असतो. शिकारी अंगभर हिरवे-तपकिरी कपडे घालून निश्चल बसलेला असल्याने तिला माणूस दिसत नाही. ती आवाजाच्या उगमावर झेप घेते आणि त्या उगमाशी बसलेला असतो माणूस.

हरीण का धावून येते?

पाडसाचा किंवा सशाचा केविलवाणा आवाज काढला की कधी कधी शिकारी प्राण्याऐवजी हरणी धावत येते. सुसान लिंगल आणि टोबियास रिडे यांचा यावरचा अभ्यास २०१४ मध्ये ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी हरणींना सील, मांजर, वटवाघूळ, इतकेच नव्हे तर माणसाच्या बाळांचेही संकटातले आवाज ऐकवले. आवाजाची मूळ कंप्रता हरणाच्या पाडसाच्या आवाजाशी जुळत असली की हरणी स्पीकरकडे धावत येत. पिल्लू कोणाचे, ही खात्री करत बसण्यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे आईचा मेंदू आधी पाय उचलतो.

सर्वात धोक्याची हाक कोणती?

मीलनकाळातली. सप्टेंबरच्या सुमारास एल्क आणि मूस माजावर असतात. शिकारी प्रतिस्पर्धी नराचा आवाज काढतो आणि शेकडो किलो वजनाचा नर लढाईच्या तयारीने समोर येतो. याच दिवसांत ग्रिझली अस्वले हिवाळी झोपेआधी चरबी साठवण्यासाठी अखंड खात असतात. एल्कचा आवाज म्हणजे त्यांच्यासाठी अन्नाचा ठावठिकाणा. त्यामुळे एल्कचे नकली आवाज आणि माणसाचा वास लपवणारी द्रव्ये अस्वलांना जवळ आणू शकतात, असा इशारा ग्रिझलीच्या प्रदेशातील वन्यजीव यंत्रणा शिकाऱ्यांना देतात. बेअर स्प्रे पिशवीत न ठेवता हाताशी ठेवा, असेही सांगितले जाते.

मीलनाच्या हाकेची ताकद भारतातही नोंदली गेली आहे. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी कुमाऊँमधील ठाक गावाजवळ जिम कॉर्बेट यांनी नर वाघाचा आवाज काढला. जोडीदार शोधणारी नरभक्षक वाघीण त्याला उत्तर देत अंधारून येताना अगदी जवळ आली. कॉर्बेट यांना कोण येणार हे ठाऊक होते. जंगलात हाक देणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते.

सर्वात अनपेक्षित पाहुणा कोण?

दुसरा माणूस. टर्कीचा हुबेहूब आवाज ऐकून दुसरा शिकारी बंदूक घेऊन त्या दिशेने सरकतो आणि पक्षी समजून माणसावर गोळी झाडतो. म्हणूनच तिथल्या शिकारी प्रशिक्षणात काही नियम पक्के शिकवले जातात. टर्कीच्या आवाजाच्या मागावर जायचे नाही. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर ठेवायचा नाही, कारण नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात. पाठ खांद्यांपेक्षा रुंद झाडाला टेकवून बसायचे. या शेवटच्या नियमाने मागून येणारी गोळी अडते आणि मागून येणारे जनावरही. रिमोटचा स्पीकर वापरणारे तो स्वतःपासून काही अंतरावर ठेवतात, म्हणजे झेप आलीच तर ती यंत्रावर येते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात हौसेखातर शिकार करता येत नाही. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणे, हुसकावणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. तरी आवाजाने बोलावण्याचे तत्त्व इथेही दिसते. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर भागात बिबट्यासाठी पिंजरा लावताना आत शेळी ठेवतात. तिचे ओरडणे आणि वास बिबट्याला खेचतो. पण हल्ला करणाराच बिबट्या अडकेल याची हमी नसते, कारण हाक ऐकणारे अनेक असतात.

दुसरे उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. पक्ष्यांच्या आवाजाचे ॲप उघडून जंगलात ‘प्ले’ दाबले की फोटो सहज मिळतो. पण त्या पक्ष्याला हद्दीत घुसखोर आल्यासारखे वाटते. तो घरटे सोडून बाहेर येतो, गात राहतो, ताकद वाया घालवतो आणि तेवढा वेळ पिल्ले उघडी पडतात. आवाज शिकारी पक्ष्याच्या कानावर गेला तर हानी आणखी मोठी. परदेशी जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आवाज काढून प्राण्यांना बोलावण्यास मनाई आहे. तिथे अस्वल, लांडगा आणि प्यूमापासून किमान ९१ मीटर, तर इतर प्राण्यांपासून २३ मीटर अंतर राखावे लागते.

मग वन्यजीव पाहायचे कसे?

ताडोबातले मार्गदर्शक रोज करतात तसे. ते गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात आणि सांबराची, चितळाची किंवा वानराची धोक्याची हाक कुठून येते ते ऐकतात. वाघ कुठे आहे हे त्या हाकाच सांगतात. त्यासाठी कोणाला फसवावे लागत नाही आणि पाठीमागे काय येऊन उभे राहिले याची धास्तीही राहत नाही.