मेटाबॉलिक सिंड्रोम: निदान ते फॉलो-अप

निदान: पाचपैकी किमान तीन निकष लागू असणे
• कंबरेचा घेर (भारतीयांसाठी): पुरुष ९०, स्त्रिया ८० सें.मी. किंवा अधिक
• उपाशीपोटी साखर: १०० किंवा अधिक
• रक्तदाब: १३०/८५ किंवा अधिक
• ट्रायग्लिसराइड्स: १५० किंवा अधिक
• एचडीएल: पुरुष ४०, स्त्रिया ५० पेक्षा कमी

घेर कसा मोजतात? उभे राहून, श्वास सोडल्यावर. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध.

आहारतज्ज्ञाची पहिली भेट: दिवसभराच्या खाण्याची नोंद. तर्री-पोहे, सावजी रश्श्यातले तेल, चहातली साखर, सगळेच सांगावे.

ताटात: मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत. संत्रे फोडी करून खाल्ल्यास तंतुमय भाग मिळतो. गाळलेल्या रसात तो जवळपास उरत नाही.

उद्दिष्ट: वजन जास्त असल्यास ५ ते १० टक्के घट, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे.

फॉलो-अप: वजन, घेर आणि रक्तदाब दर भेटीत. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते.

सोबत न्यावे: नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स रुग्णालयांचे किंवा खासगी दवाखान्याचे जुने रिपोर्ट, औषधांची यादी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.